ट्रॅक्टरचं ऑइल पहिल्यांदा घरी बदललं



या आठवड्यात उन्हाळी नांगरटीची नोंद टाकायची होती, ती पुढं गेली. आजची नोंद वावरातली नाही, शेडमधली आहे. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल मी स्वतः घरी बदललं, आयुष्यात पहिल्यांदा. ज्यांना हे रोजचं काम आहे ते हसतील, हसू द्या. पण आठ वर्षं ट्रॅक्टर चालवूनसुद्धा हे काम मी एकदाही समोर उभं राहून बघितलं नव्हतं, आणि त्याची काय किंमत झाली ते आज लिहितोय. थोडं लांबेल, सवडीनं वाचा.

ट्रॅक्टर २०१६ च्या दसऱ्याला घेतला. तीन सिलेंडर, ४२ एचपी. घरची अकरा एकर, वर भावकीची आणि शेजाऱ्यांची भाड्यानं पेरणी-रोटा. वर्षाला तीनशे-साडेतीनशे तास सहज होतात. सुरुवातीची वर्षं कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडं जायचो. २०२१ नंतर शेजारच्या गावातल्या मिस्त्रीकडं लावायला लागलो. माणूस ओळखीचा, हात चांगला, उधारी ठेवतो, रात्री-अपरात्री फोन केला तरी येतो. ट्रॅक्टर त्याच्या दारात लावायचा, चावी द्यायची आणि आपण बार्शीला बाजाराला जायचं. संध्याकाळी पैसे देऊन ट्रॅक्टर आणायचा. वहीत लिहायचं, ऑइल बदललं, फिल्टर बदलला, इतके रुपये. झालं काम.

यंदा मीटरवर २,६१४ तास झाले. मागचं ऑइल २,३७० ला झालेलं. पुस्तिकेत अडीचशे तास दिलेत, म्हणजे दिवस भरत आले होते. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "आप्पा, चार दिस थांबा. दारात सहा ट्रॅक्टर उभे हायत." त्याचंही बरोबर आहे. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे सगळ्या तालुक्याला एकाच वेळी ट्रॅक्टर आठवतो. पण वरच्या चार एकरात रोटाव्हेटर मारायचा राहिला होता आणि आभाळ रोज दुपारून भरून यायला लागलं होतं. शेजारी म्हणाले, वीस-तीस तास पुढं गेलं तर काय इंजिन फुटतंय का? फुटत नाही हे खरं. पण मेच्या उन्हात, ढेकळात, धुळीत रोटा ओढणं हेच इंजिनाचं सगळ्यात जड काम. तेच जुन्या ऑइलवर करायचं मनाला पटेना.

माझा पुतण्या आयटीआय करून चाकणला कंपनीत आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "आप्पा, तुम्हीच करा की. अर्ध्या तासाचं काम हाय." अर्ध्या तासाचं काम मला सव्वातीन तास लागलं, पण ते पुढं सांगतो.

आधी सामान. बार्शीला दुकानात गेलो, दुकानदारानं विचारलं, कुठलं देऊ? मी म्हणालो, ट्रॅक्टरचं द्या. तो माझ्याकडं बघतच राहिला. मला माझंच हसू आलं. खताच्या दुकानात जाऊन कोणी "पिकाचं खत द्या" म्हणालं तर आपण त्याला काय म्हणू? १०:२६:२६ आणि १२:३२:१६ मधला फरक पोरांना समजावून सांगणारा मी, ऑइलच्या डब्यावरचा आकडा आठ वर्षांत वाचला नव्हता. घरी परत आलो. ट्रॅक्टरच्या पेटीत तळाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मराठी पुस्तिका होती, घेतल्यापासून उघडलेली नव्हती. त्यात सगळं लिहिलेलं निघालं. १५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट साडेसात लिटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. आधीचा १५ हा आकडा ऑइल गार असताना किती सहज वाहतं ते सांगतो, आणि मागचा ४० हा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते सांगतो. डब्यावर आणखी सीएफ-४, सीआय-४ असलं काहीतरी असतं. त्यातला सी म्हणजे डिझेल इंजिनचं. एस असेल तर पेट्रोलचं. पोराच्या मोटरसायकलचं उरलेलं ऑइल ट्रॅक्टरमध्ये ओतणारे आमच्या गावात आहेत, म्हणून हे सांगितलं.

ऑइल, फिल्टर आणि बुचाचं तांब्याचं वायसर धरून तीन हजाराच्या जरा आत खर्च आला. मिस्त्रीकडं एवढंच सामान आणि चारशे रुपये मजुरी. म्हणजे वाचले ते चारशे. चारशे रुपयांसाठी हा उद्योग केला असं कोणी समजू नका.

सकाळी सहाला सुरुवात केली. ट्रॅक्टर सपाट जागेवर लावला, रोटा खाली टेकवला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. कारसारखं जॅकवर उचलायची गरज नाही, खाली माणूस आरामात सरकतो. तरीपण दगड लावाच. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. कोमट ऑइल पातळ होतं, लवकर गळतं आणि तळाला बसलेली घाणही सोबत घेऊन येतं. मग बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

खाली उताणा झोपलो, चेंबरच्या बुचाला रिंग पाना लावला आणि जोर लावला. हलेना. आणखी जोर लावला. पाच मिनिटांनी ध्यानात आलं की मी ते आवळतोय. वरून बघून ठरवलेली दिशा खाली झोपल्यावर उलटी होते. पाईपचा तुकडा पान्याला लावून शेवटी ढिलं केलं. नशीब, आटे गेले नाहीत.

आता चूक नंबर दोन, आणि ही मोठी. खाली घमेलं ठेवलं होतं. घमेल्यात मावतं पाच लिटर. इंजिनात आहे साडेसात. हा हिशेब चौथीतल्या पोरानं केला असता. बूच काढलं, काळी धार लागली, मी खूश. घमेलं बघता बघता काठाला आलं. मी बूच परत घालायला गेलो तर बोटांवर गरम ऑइल आलं, बूच निसटून घमेल्यात. मी ओरडलो, आमच्या सौभाग्यवती गोठ्यातून पेंडीची बादली घेऊन पळत आल्या. तोवर लिटरभर तरी ऑइल मातीत गेलं होतं. दोन बोटांना फोड आले. पुतण्यानं सांगितलं होतं की हातमोजे घाला. हातमोजे खुंटीवर होते.

त्या सांडलेल्या ऑइलचं पुढं सांगतो. आधी फिल्टर.

फिल्टर इंजिनाच्या बाजूला आडवा बसतो. हातानं फिरेना. माझ्याकडं फिल्टरचा पाना नाही. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तरी हात घसरत होता. शेवटी ट्यूबवरून नायलॉनची दोरी आवळली, तिच्यात लाकडाचा दांडका घालून पीळ दिला, तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. एवढा घट्ट का बसला असेल, असं म्हणत फडक्यानं पुसला. पुसल्यावर त्याच्यावर पांढऱ्या पेंटनं लिहिलेलं दिसलं. १६४८, खाली ३/२१.

मी ते दोनदा वाचलं. मग उठून घरात गेलो, वही आणली. १,६४८ तासांची सर्व्हिस, मार्च २०२१, कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडची शेवटची. तो पोरगा प्रत्येक फिल्टरवर तास आणि महिना लिहायचा, मला चांगलं आठवतं. त्यानंतर मिस्त्रीकडं तीनदा, १,९०० ला, २,१४० ला आणि २,३७० ला. तिन्ही वेळा माझ्या हातानं वहीत लिहिलेलं, "ऑइल + फिल्टर". तीन फिल्टरचे पैसे दिलेले. आणि फिल्टर तोच. नऊशे सहासष्ट तास.

मंडळी, त्या वेळी मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. राग आला, पण त्याच्या आधी पोटात खड्डा पडला. सहा लाखाचं इंजिन, त्याच्यावर हप्ते फेडले, पोरीचं लग्न त्याच्या भाड्यावर काढलं. फिल्टर चोंदला की इंजिन लगेच बंद पडत नाही. त्याच्यात एक झडप असते, बायपास. कागद चोंदला की ती उघडते आणि ऑइल न गाळता तसंच आत जातं. इंजिनाला ऑइल मिळावं म्हणून केलेली सोय आहे ती. पण मग धूळ, काजळी, धातूचा कीस सगळं बेअरिंगांतून फिरत राहतं, आणि वर बसलेल्या माणसाला काही कळत नाही. आवाज तोच, ओढ तीच. मी किती तास असा चाललो, ते इंजिनालाच माहीत.

हॅकसॉ ब्लेडनं फिल्टर कापला. आतला कागद काळाठिक्कर, घड्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे डांबरासारखा गाळ. मग जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक घमेल्यातल्या ऑइलमधून फिरवलं. त्याला राखाडी बारीक चिखल लागला, पण चकाकणारे कण किंवा पापुद्रे नव्हते. पुतण्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, बारीक चिखल थोडाफार असतोच, कण असते तर चिंता होती. तेवढाच धीर आला.

आता हे काम चालू असताना मी मनात मिस्त्रीशी भांडत होतो आणि हात आपोआप नवा फिल्टर उचलत होते. नव्याच्या रबरी रिंगेला बोटानं नवीन ऑइल लावलं आणि बसवायला निघालो. मंडळी बॅटरी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, जुन्याची रिंग कुठंय?" मी म्हणालो, जुन्याला असेल. "जुन्याला नाही. कुकरची रिंग कशी झाकणाला चिकटून राहते, तशी तिकडंच राहिली नाही ना बघा."

बघितलं तर खरंच, जुनी रिंग इंजिनाच्या बाजूला चिकटून बसली होती. काळ्यावर काळं, दिसतच नव्हती. तिच्यावर नवा फिल्टर बसवला असता तर दोन रिंगा एकावर एक झाल्या असत्या, आणि इंजिन चालू करून जोर आला की तिथून ऑइलची पिचकारी उडाली असती. पुतण्यानं नंतर सांगितलं की कारमध्ये सुद्धा घरी ऑइल बदलणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे आणि त्यापायी इंजिनं गेलेली आहेत. मी मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडत होतो आणि स्वतः काय करायला निघालो होतो बघा. रिंग नखानं काढली, जागा कोरड्या फडक्यानं पुसली, नवा फिल्टर हातानंच आवळला. रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, बस. पाना लावायचा नाही. पाना लावला की पुढच्या वेळी दोरी आणि दांडका.

बूच पेट्रोलनं धुतलं, नवं वायसर घालून आवळलं. मग नरसाळं लावून आधी सात लिटर ओतलं, थोडं थांबून पट्टी बघितली, मग उरलेलं थोडं थोडं. सगळं एकदम ओतून मोकळं व्हायचं नाही. जास्त झालं तर क्रँक त्यात घुसळून फेस होतो, सील फुटतात. ऑइल जास्त म्हणजे चांगलं, असा आपल्याकडं एक समज आहे. युरियाचा पण तसाच आहे.

चालू करायच्या आधी स्टॉपची दांडी ओढून ठेवून सात-आठ सेकंद दोनदा नुसता स्टार्टर मारला, म्हणजे डिझेल न जाता पंप ऑइल वर चढवतो. मग दांडी सोडली आणि खरा स्टार्टर मारला. ऑइलचा लाल दिवा लागलेला होता. तो विझेपर्यंत तीन-चार सेकंद गेले असतील. मला ते हप्त्यांच्या वर्षांएवढे वाटले. विझला. पाच मिनिटं मंद चालवला, खाली बॅटरीनं बघितलं, बुचाला-फिल्टरला थेंब नाही. बंद केला, पंधरा मिनिटांनी पट्टी बघितली, फिल्टरनं प्यायलेलं थोडं कमी झालं होतं तेवढं घातलं. सव्वानऊ वाजले होते.

आता ते सांडलेलं ऑइल. पूर्वी मीच काळं ऑइल मिस्त्रीकडून डब्यात मागून आणायचो आणि गोठ्याच्या मेढींच्या बुडाला ओतायचो, वाळवीसाठी. वाळवी दोन वर्षांनी आलीच. पण मेढींच्या भोवती हातभर रुंद गोल आहे, तिथं आजतागायत हरळी उगवलेली नाही. हरळी, मंडळी. जी आपण नांगरून, वेचून, फवारून हटत नाही ती. मी ते रोज बघत होतो आणि कधी विचार केला नव्हता. ऑइल मातीच्या कणांना लपेटून बसतं, पाणी आत शिरत नाही, हवा खेळत नाही, आणि वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात ते वेगळेच. कृषीवाल्या मंडळींना हे मी सांगायची गरज नाही.

शेडपासून माझा बोअर चाळीस फुटांवर आहे. म्हणून सांडल्या सांडल्या चुलीतली राख आणि लाकडाचा भुसा टाकला, तासाभरानं वीतभर खोल माती कुदळीनं काढली आणि दोन पोत्यांत भरली. पोती शेडच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकवर आहेत, पावसात भिजू देणार नाही. घमेल्यातलं आणि बादलीतलं ऑइल जुन्या डब्यांत भरलं. गावातला सेंट्रिंगवाला त्याच दिवशी मागायला आला, प्लेटांना लावायला. पूर्वी दिलं असतं. यावेळी नाही म्हणालो. सरकारच्या नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, आणि बार्शीला सामानाच्या दुकानात ते लिटरवर विकत घेणारा येतो, शुद्ध करणाऱ्या कारखान्याला पुढं देतो. त्याला दिलं. पेंडीची बादली मात्र गेली. ती आता शेडमध्येच राहणार, परत गोठ्यात नेली तर जेवायला मिळणार नाही असं मला सांगण्यात आलंय.

राहिला मिस्त्री. दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी कापलेला फिल्टर पिशवीत घालून गेलो. तो एका ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये हात घालून बसला होता. त्याच्या दारातली सगळी जमीन काळी, चालताना बूट चिकटतो. चहा मागवला त्यानं. चहा झाल्यावर मी पिशवीतून फिल्टर काढून फळीवर ठेवला. त्यानं उचलला, आकडे वाचले.

"हा आमच्या हातचा नाही, आप्पा."

"तेच म्हणतोय," मी म्हणालो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. हात पुसत बसला. मग म्हणाला, त्या दोन वर्षांत डोळ्यांची ऑपरेशनं झाली, खालचं काम पोरंच करायची, फिल्टर निघाला नसंल म्हणून पोरांनी तसाच ठेवला असंल. मी म्हणालो, आणि तीन नवे फिल्टर? त्याचं उत्तर आलं नाही. खिशात हात घातला त्यानं, मी म्हणालो पैसे नकोत. का नको म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन बोलणी खाल्ली.

डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती हे खरं आहे, मी बघायला गेलो होतो. बाकीचं खरं किती, पोरांचं किती आणि त्याचं किती, ते तोच जाणे. शेवटी उठताना एवढं मात्र म्हणाला, "तुमी एकदा जरी हितं थांबला असता तर पोरांची हिंमत झाली नसती." हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता. आला पण. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं.

आमचे वडील बैलगाडी घेऊन बार्शीला जायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, एरंडेलात कालवलेली काजळी. निघायच्या आधी चाक काढून आखाला वंगण स्वतः घालायचे. घरात गडी होते, बैल गडी जुंपायचे, पण वंगण वडीलच घालायचे. मला धरायला उभं करायचे. आख किती झिजलाय, कुठल्या अंगानं झिजलाय, ते बोट फिरवून सांगायचे. सहा लाखाचं यंत्र घेतल्यावर मी ते सगळं चावीबरोबर दुसऱ्याच्या हातात दिलं. तुरीवर अळी आली की नाही हे बघायला सकाळ-संध्याकाळ फिरतो, पानं उलटी करून बघतो, आणि ऑइलची पट्टी महिन्यात एकदा ओढली तर ओढली.

क्लचला, हायड्रॉलिकला, पंपाला मी मिस्त्रीकडंच जाणार. ते मला येत नाही आणि त्याला चांगलं येतं. फक्त आता शेजारी बाकड्यावर बसून राहणार. तोही काही म्हणायचा नाही, असं वाटतं. ऑइल आणि फिल्टर घरी. नव्या फिल्टरवर पेंटनं तास आणि महिना लिहिलाय. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण वाचता येतं.

आणखी एक. बऱ्याच जणांचा समज आहे की ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं. माझाही होता. डिझेल इंजिनात नवीन ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंग बघून बदलू नका, तास बघून बदला, आणि धुळीचं काम जास्त असेल तर जरा आधी. मात्र पट्टीवर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी आत शिरलंय, आणि न घालता पातळी वाढलेली दिसली, डिझेलचा वास आला, तर डिझेल उतरतंय. या दोन्हींत ट्रॅक्टर चालवू नका, मिस्त्रीला बोलवा आणि जवळ उभे राहा.

इंजिनाला आत किती लागलंय ते कळायला वेळ लागेल. म्हणून वहीत नवं पान केलंय. रोज सकाळी, इंजिन गार असताना पट्टी कुठं आहे ते लिहायचं. आज मीटर २,६३१, नवीन ऑइलचे सतरा तास. पट्टी दोन रेघांच्या मधे, वरच्या रेघेला जवळ. सतरा तासांत गव्हाच्या दाण्याएवढी उतरलीय. पन्नास तासांनी किती उतरते ते याच पेजवर टाकीन.

काल रात्री बारीक शिंतोडे आले, मीटरनं मोजण्याइतके नाहीत. माती अजून तापलेलीच आहे. उद्या सकाळी वरच्या चार एकरातला राहिलेला दीड एकर रोटा मारून घेतो.